धूर काढणारं सील आणि हवा ओढणारं सील

जुन्या टू-स्ट्रोक गाडीला काहीही झालं की "क्रँकचं सील गेलं असेल" हे निदान फुकटात मिळतं. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या शाफ्टला, दोन बाजूंना दोन सिलं (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) असतात आणि त्यातलं कुठलं गेलं यावर सगळं अवलंबून असतं. एक गेलं तर मागे धुराचा लोट सुटतो. दुसरं गेलं तर धूर उलट कमी होतो आणि गाडी काही दिवस नेहमीपेक्षा चपळ वाटते. लोक पहिल्याला घाबरतात. घाबरायला हवं ते दुसऱ्याला.

फोर-स्ट्रोकवर हात बसलेल्या माणसाला हे लवकर पटत नाही. तिथे क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीत, नुसतं तेल असतं. सील गळलं तर जमिनीवर थेंब पडतात आणि बिचारी गाडी चालत राहते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. जोसेफ डे या इंग्रज इंजिनिअरने १८९१च्या सुमारास ही रचना आणली आणि साध्या टू-स्ट्रोक मोटरसायकली पुढे त्याच तत्त्वावर चालल्या. पिस्टन वर जाताना खाली ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) आत येतं. पिस्टन खाली येताना तेच मिक्श्चर दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जातं. ६००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा होतं. म्हणजे प्रत्येक सिलाला सेकंदात १०० वेळा ओढ आणि १०० वेळा दाब सोसायचा असतो, तोही फिरत्या शाफ्टवर, रबराच्या एका पातळ ओठाच्या भरवशावर. त्या ओठाला मागून बारीक गोल स्प्रिंगने आवळून धरलेलं असतं. पंधरा-वीस वर्षं जुनं रबर उष्णतेने कडक होतं, आणि गाडी नुसती उभी राहिली तरी कडक होतं.

आता दोन बाजू. एका बाजूला मॅग्नेट किंवा डायनॅमो असतो. तिथे सिलाच्या बाहेर नुसती हवा. हिला कोरडी बाजू म्हणू. दुसऱ्या बाजूला क्लच आणि प्रायमरी, म्हणजे क्रँकची ताकद क्लचला देणारा गिअर किंवा चेन. तिथे सिलाच्या बाहेर गिअर ऑईल. ही ओली बाजू. डावं-उजवं म्हणण्यात अर्थ नाही, कारण जावा-येझदीत क्लच डावीकडे असतो आणि यामाहाच्या आरएक्समध्ये उजवीकडे. एका गाडीवरची माहिती ऐकून दुसऱ्या गाडीचं चुकीचं कव्हर उघडणारे लोक कमी नाहीत.

ओल्या बाजूचं आधी उरकून घेऊ, कारण ते ओळखायला सोपं आहे. हे सील गेलं की पिस्टन वर जाताना क्रँककेस गिअर ऑईल ओढून घेतं. ते जळतं आणि दाट, पांढुरका, नाकाला झोंबणारा धूर येतो. टू-टीचा, म्हणजे पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू-स्ट्रोक तेलाचा, धूर वेगळा असतो: पातळ, निळसर, इंजिन तापलं की विरळ होणारा. गिअर ऑईलचा धूर गाडी गरम झाली तरी थांबत नाही. उलट लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून खाली आलात की क्रँककेसमधली ओढ वाढते, आत तेल साचतं आणि पुन्हा थ्रॉटल दिल्याबरोबर मागे ढग उठतो. प्लग ओला आणि काळा निघतो. सायलेन्सरच्या जोडातून डांबरासारखं चिकट काही गळायला लागतं. बाहेर कुठेही गळती नसताना गिअर ऑईलची पातळी मात्र खाली जात राहते. यातली ही शेवटची खूण सगळ्यात भरवशाची. शंका असेल तर गिअर ऑईल काढून मापाने नवीन भरा, थोडे दिवस गाडी चालवा, गरम इंजिनातून पुन्हा काढून त्याच मापाने मोजा. ड्रेनच्या वेळी गाडी दोन्ही खेपेला सारखीच उभी असायला हवी, नाहीतर मापाला अर्थ राहत नाही.

कधी वाट उलटीही चालते. दाबाच्या वेळी मिक्श्चर गिअरबॉक्समध्ये ढकललं जातं. मग गिअर ऑईल पातळ होतं आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. तेलात बोट बुडवून वास घेणं ही साधी तपासणी आहे, पण फार थोडे लोक ती करतात.

कोरड्या बाजूचं सील असा काही तमाशा करत नाही. ते गेलं की प्रत्येक ओढीला थोडी हवा आत येते. ही हवा कार्बोरेटरमधून आलेली नसते, त्यामुळे तिच्यासोबत पेट्रोल येत नाही, आणि प्रीमिक्सची (तेल पेट्रोलमध्येच मिसळून भरायची) गाडी असेल तर तेलही येत नाही. मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. सुरुवातीला हे चांगलंच वाटतं: जुन्या गाड्या बहुधा थोड्या रिच (पेट्रोल जास्त) लावलेल्या असतात, त्यामुळे किंचित लीन झाल्यावर पिकअप सुधारल्यासारखा होतो, धूर घटतो. मग हळूहळू बाकीची लक्षणं दिसतात. थंड इंजिन चोक सोडू देत नाही. गरम झाल्यावर स्लो (थ्रॉटल सोडल्यावरची इंजिनाची गती) एका जागी टिकत नाही; थ्रॉटल सोडला तरी इंजिन वरच्या आवाजात रेंगाळतं आणि मग नाखुशीने खाली येतं. स्लोचा स्क्रू कमी करा, बंद पडते. वाढवा, रेस होते. प्लग पांढरा पडतो.

आणि मग एके दिवशी लांब सपाट रस्त्यावर, एका थ्रॉटलला बराच वेळ चालत असताना, पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पेट्रोलची वाफ होताना ती पिस्टन आणि सिलिंडर थंड करत असते. पेट्रोल कमी पडलं की ते थंड होणंही कमी झालं. तेल आधीच कमी. पिस्टनवर ओरखडे बहुतेकदा एक्झॉस्टच्या बाजूला दिसतात, कारण तीच सगळ्यात गरम बाजू. नशीब फारच वाईट असेल तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

कोरड्या बाजूची एक खूण मात्र डोळ्यांना दिसते. मॅग्नेटचं कव्हर काढा. आत सगळं कोरडं, फारतर धूळ-मातीचं असायला हवं. फ्लायव्हीलच्या (मॅग्नेटच्या फिरत्या चाकाच्या) मागे तेलकट काळपट थर असेल, पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचवर) तेल उडालेलं असेल, तर दाबाच्या वेळी मिक्श्चर तिथून बाहेर पडतंय. पेट्रोल उडून जातं, तेल मागे राहतं. पॉइंट वारंवार तेलकट होऊन मिसफायर येतो, माणूस पॉइंट बदलतो, कंडेन्सर बदलतो, कॉइलवर संशय घेतो. सगळा खर्च इग्निशनवर, आणि मूळ दुखणं दोन इंच मागे.

इथपर्यंत चित्र सरळ आहे: धूर असेल तर ओलं, रेस होत असेल तर कोरडं. पण ओल्या बाजूच्या सिलाची एक लबाडी आहे. गिअर ऑईल पिऊन पिऊन पातळी सिलाच्या खाली गेली की तेच सील गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या भोकातून) येणारी हवा ओढायला लागतं. धूर बंद होतो. मालकाला वाटतं, दुखणं आपोआप गेलं. प्रत्यक्षात गाडी आता लीन चालतेय आणि गिअरबॉक्सही तेलाविना आहे. धुराची तक्रार अचानक थांबली तर खुश न होता आधी गिअर ऑईल बघावं.

चुकीच्या इलाजांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण खरं नुकसान तिथेच होतं. धूर दिसला की सगळ्यात पहिला इलाज म्हणजे पेट्रोलमधलं टू-टी कमी करणं. समजा गाडीला २५:१ सांगितलंय, म्हणजे लिटरला ४० मिली. धूर कमी करायला ते ५०:१ केलं, म्हणजे २० मिली. गिअर ऑईल जळतंय ते तसंच जळत राहतं, त्यामुळे धुरात फारसा फरक पडत नाही. बेअरिंग आणि पिस्टन मात्र निम्म्या तेलावर येतात. ऑईल पंपाच्या गाड्यांत हेच पंपाची केबल ढिली करून केलं जातं. यामाहाने १९६४ साली ऑटोल्यूब पंप आणला तो थ्रॉटल आणि आरपीएमप्रमाणे तेल मोजून द्यायला. धूर दिसतोय म्हणून त्याचा गळा आवळणं हा इलाज नव्हे.

हवा घेणाऱ्या गाडीला याच्या अगदी उलट इलाज होतो: मोठा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी बुच मोठ्या भोकाची. तो थोडाफार लागू पडतो, आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. गळतीचं छिद्र थ्रॉटलप्रमाणे लहानमोठं होत नाही. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना कार्बोरेटरमधून येणारी हवा थोडी असते, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा. पूर्ण उघडल्यावर तो तुलनेने कमी. कुठलाही एक जेट सगळीकडे जुळत नाही. वर रिच, खाली लीन, अशी गाडी घेऊन लोक वर्ष-वर्ष कार्बोरेटरशी झगडतात. शिवाय गळती वाढत जाते, आणि आज जुळलेला जेट पुढच्या महिन्यात अपुरा पडतो.

मग खात्री कशी करायची? इनटेकच्या रबरावर आणि बेस गॅस्केटच्या कडेला कार्ब क्लीनरचा फवारा मारून आवाज बदलतो का ते बघतात. तिथली गळती त्यात सापडते, पण मॅग्नेटच्या बाजूला हे करू नये. तिथे पॉइंटची ठिणगी असते, आणि पेटलेली मोटरसायकल विझवण्यापेक्षा सील बदलणं सोपं.

खरी परीक्षा दाबाची. पिस्टन खालच्या टोकाला आणा, म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर एकमेकांना जोडलेले राहतात. इनटेक आणि एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पट्टीने बंद करा, पंपाची गाडी असेल तर तेलाची नळीही दाबून धरा. आत साधारण ६ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरा. १०च्या पुढे जाऊ नका, सील जागेवरून बाहेर येईल. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि दाब दाखवणारं घड्याळ पुरतं: त्याचं ३०० म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय, आणि ५० म्हणजे साधारण १. मग साबणाचं पाणी लावत फिरा. हेड, बेस, इनटेक, शेवटी फ्लायव्हीलच्या मागे. ओल्या बाजूला पाणी पोचत नाही, म्हणून गिअर ऑईल भरायच्या तोंडावर फुगा ताणून बसवा आणि ब्रीदर बोटाने बंद करा. फुगा फुगू लागला तर उत्तर मिळालं.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: सिलाची स्प्रिंगची बाजू बहुधा क्रँककेसकडे असते, त्यामुळे दाबाने ओठ शाफ्टवर आणखी घट्ट बसतो आणि ओढीने सुटतो. दाबाच्या परीक्षेत पास झालेलं सील ओढीत नापास होऊ शकतं. हातपंपाने उलटी ओढ लावून पाहणं त्यासाठी जास्त बोलकं.

बदलताना कोरडी बाजू तुलनेने सोपी. फ्लायव्हील पुलरनेच काढायचं, हातोड्याने नाही. स्टेटर प्लेट काढायच्या आधी तिच्यावर आणि केसिंगवर खूण करून ठेवा, म्हणजे टायमिंग (ठिणगीची वेळ) जागेवर येतं. ओल्या बाजूला क्लच कव्हर, प्रायमरी गिअर किंवा चेन आणि काही इंजिनांत अख्खं केसिंग उघडावं लागतं, कारण सील बेअरिंगच्या आत असतं किंवा केसिंगच्या खाचेत अडकवलेलं असतं. नवं सील घालण्याआधी क्रँकचा शाफ्ट धरून वर-खाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर आधी बेअरिंग; नाहीतर नवीन ओठही थोड्याच दिवसांत झिजेल. शाफ्टवर जुन्या ओठाने घासून केलेल्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय, आणि नवं सील जरा पुढे-मागे बसवता येतं का ते बघावं लागेल. पण फार आतही नाही, कारण काही केसिंगमध्ये बेअरिंगला तेल पोचवणारं छोटं भोक तिथेच असतं, ते झाकलं गेलं तर बेअरिंगची वाट लागते. शाफ्टवरच्या चावीच्या (फ्लायव्हील जागेवर धरणाऱ्या छोट्या तुकड्याच्या) खाचेची धार ओठ कापते, म्हणून शाफ्टवर पातळ टेप गुंडाळून, ओठाला ग्रीस लावून सील सरकवायचं. रबर शक्यतो व्हिटॉनचं घ्या. ते उष्णता आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्या रबरापेक्षा चांगलं सोसतं.

दोन्ही एकदम बदलावीत का? केसिंग उघडलंच असेल तर नक्कीच. दोन्हींचं वय सारखंच असतं. पण बाहेरून निघणारं कोरडं सील गेलं असेल आणि गिअर ऑईल जागच्या जागी असेल, तर केवळ जोडी म्हणून इंजिन फाडण्यात मला अर्थ वाटत नाही. तातडीचं म्हणाल तर ओलं सील गेलेली गाडी गिअर ऑईल तपासत, भरत, हळू चालवत घरी आणता येते. कोरडं गेलेली गाडी मी टेम्पोत घालून आणेन.

सील बसलं, दाब टिकला, की कार्बोरेटर उघडून आधीच्या कुणीतरी टाकलेला मोठा जेट काढायचा आणि पुस्तकात दिलेला आकडा बसवायचा. प्रीमिक्सचं प्रमाणही पुस्तकातलंच, धूर बघून ठरवलेलं नाही. पहिले काही दिवस थोडा धूर येईल, सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं गिअर ऑईल जळत असतं म्हणून. बॅफल (सायलेन्सरच्या आतली नळी) काढून साफ केलं तर तोही लवकर संपेल.