अंगणातला हौद, रंगाची बादली आणि न दिसणारी घाण

अंगणातल्या कमळाच्या हौदाचं पाणी हिरवं झालं की आपण आधी ते उपसतो, तळ खसाखसा घासतो आणि नळी लावून हौद पुन्हा भरतो. चार दिवस तळ दिसतो, मासेही दिसतात. मग पाणी पुन्हा पोपटी. माझ्या मते या साफसफाईइतकं हौदाचं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही.

माशांच्या जिवावर उठते ती घाण डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि कुजलेली पानं त्यात भर घालतात. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. भिंतीला, दगडाला बुळबुळीत थर करून चिकटतात. म्हणजे आपण ब्रशने खरवडून काढतो ते नेमके हेच.

तेव्हा फिल्टर म्हणजे या जिवाणूंना चिकटायला भरपूर जागा आणि श्वासाला ऑक्सिजन. त्यासाठी महागडी पेटी लागत नाही. रंगाची २० लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन घ्यावी आणि हौदाच्या काठावर ठेवावी. चार फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल हौदात साधारण ६८० लिटर पाणी मावतं. ते दीड-दोन तासांत एकदा बादलीतून फिरलं तरी पुष्कळ. कूलरमध्ये वापरतात तसला पाण्यात बुडणारा छोटा पंप चालतो. फक्त खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. दोन-तीन फूट चढवलं की तो बराच घसरतो.

पंपाचं पाणी बादलीच्या तळाशी सोडायचं आणि वर चढू द्यायचं. तळात विटांचे तुकडे, त्यावर भांडी घासायच्या नायलॉनच्या घासण्या (तारेच्या नकोत, गंजतात), सगळ्यांत वर स्पंज. काठाजवळ भोक पाडून पाणी परत हौदात पडू द्यायचं. हा बाहेरचा पाइप आतल्या पाइपापेक्षा जाड हवा. आत पंप ढकलतो, बाहेर पाणी नुसतं आपल्या वजनाने वाहतं. दोन्ही पाइप सारखे घेतले की बादली काठावरून वाहू लागते.

पंप दिवसरात्र चालू ठेवायचा. १८ वॉटच्या पंपाला महिन्याला सुमारे १३ युनिट लागतात. बंद ठेवून वीज वाचवू म्हटलं तर बादलीतला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू गुदमरून मरू लागतात. चार-सहा तास वीज गेलीच, तर पंप सुरू करण्याआधी बादलीतलं पाणी झाडांना ओतून टाकावं. ते तसंच हौदात गेलं तर माशांना बाधू शकतं.

स्पंज तुंबला तर हौदाच्याच पाण्यात हलका पिळावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारायलाच घातलेलं असतं, ते आपले-परके ओळखत नाही. नवा थर जमायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासे मोजके आणि खाद्य चिमूटभरच.

एवढं करूनही पाणी हिरवं राहील, कारण ते शेवाळ एकपेशीय असतं, काही मायक्रॉनचं. स्पंजमधून आरामात निसटतं, शिवाय नायट्रेट हे त्याचं खतच. भर दुपारी हे शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होत जातं, आणि आहे त्याच अमोनियाचा अधिक हिस्सा विषारी रूपात जातो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २० अंशांना नऊ. म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. बादलीतून पडणारी धार तिथे कामी येते.

शेवाळाला आवर घालायचा तर ऊन आणि खत दोन्ही तोडायला हवं. निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कमळाच्या पानांनी झाकू द्यावा आणि बादलीत वरच्या बाजूला कर्दळ लावावी. मोरीचं सांडपाणी अळूला, केळीला सोडायची आपल्याकडची रीत याच हिशेबाची. मुळं फार पसरली की थोडी छाटायची, नाहीतर तीच पाणी अडवतात.

जलपर्णी नायट्रेट आणखी झपाट्याने शोषते, पण ती दामदुपटीने वाढते. हौदात टाकलीच तर जास्तीची काढून खतासाठी कुजवावी, ओढ्यात किंवा नाल्यात टाकू नये.