डिझेलमधलं गंधक काढतात कसं, थोडी जुनी हिस्टरी

सोयाबीनले गंधक द्या म्हणून कृषी केंद्रवाला बॅग काढून देते, पण ते गंधक येते कुठून हे कोणी विचारत नाई. आता जगातलं बहुतेक गंधक खाणीतून निघतच नाई, कच्चं तेल अन् गॅस साफ करताना निघते.

तेलातलं गंधक काढायची सुरुवात अमेरिकेतून, १८८० च्या दशकात. ओहायोत लिमा गावाजवळ तेल लागलं, भरपूर, पण त्यात इतकं गंधक की त्याचं रॉकेल दिव्यात जाळलं की घरात बसवत नसे. हर्मन फ्राश नावाच्या जर्मन केमिस्टनं ते कॉपर ऑक्साइडसोबत तापवलं, गंधक तांब्याले चिकटलं, मंग तेच तांबं हवेत भाजून परत वापरायचं. जमलं, पण ही कॅटॅलिस्टची (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाची) गोष्ट नव्हती.

खरी गंमत जर्मनीत झाली अन् तीही तेल साफ करायच्या नादात नाई. फ्रान्सच्या साबातिए नावाच्या केमिस्टनं निकेल कॅटॅलिस्ट वापरून दुसऱ्या पदार्थायले हायड्रोजन जोडून दाखवला होता (१९१२ चं नोबेल त्याचंच), पण थोडंही गंधक आलं की निकेल मरे, म्हणजे काम करणं बंद करे. जर्मनीजवळ तेल नव्हतं, कोळसा होता, अन् तिथल्या बर्गियस नावाच्या केमिस्टनं कोळशावर दाबाखाली हायड्रोजन सोडून तेल करायची रीत काढली होती. आता कोळशात गंधक असणारच, तं माथियास पियर नावाच्या जर्मन केमिस्टच्या टीमनं मॉलिब्डेनम-टंगस्टन या धातूंकडं मोर्चा वळवला, कारण त्यायचे सल्फाइडच (गंधकासोबतचे संयुग) कॅटॅलिस्टचं काम करत होते. ज्याच्या अंगातच गंधक मुरलं त्याले गंधकाची बाधा काय होणार! १९२७ ले जर्मनीतच लॉयना इथं कोळशापासून तेल करायचा कारखाना सुरू झाला.

पुढं मॉलिब्डेनमले कोबाल्ट या धातूची जोड मिळाली, खाली अॅल्युमिनाचा (अॅल्युमिनियम ऑक्साइडचा) आधार. पण रिफायनरीवाल्यायनं हे मनावर घेतलं ते १९४९ नंतर. तवा प्लॅटिनमवर पेट्रोलचा ऑक्टेन (इंजिनात ठोका न देता जळायची क्षमता) वाढवायची पद्धत आली, प्लॅटिनमले गंधक अजिबात चालत नाई म्हणून नॅफ्था (ज्यापासून पेट्रोल करतात तो तेलाचा हलका भाग) आधी हायड्रोजन वापरून साफ करणं आलं, अन् त्याच पद्धतीतून हायड्रोजन वरकड निघाला, म्हणजे अडचण अन् उपाय एकाच ठिकाणी. ३०० ते ४०० डिग्रीले गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघते, सडक्या अंड्याचा वास तोच, अन् क्लाउस नावाच्या पद्धतीनं त्याचं परत पिवळं गंधक करतात.

मजा पहा, कॅटॅलिस्टमधी कोबाल्ट नेमका बसते कुठं हे कळायला १९७०-८० चं दशक उजाडलं, डेन्मार्कच्या टॉपसो कंपनीच्या लोकायनं ते दाखवलं: मॉलिब्डेनम सल्फाइडच्या पातळ थरायच्या काठावर. तोवर कारखाने नुसत्या अनुभवावर चालले, मला तं याचंच जास्त कौतुक वाटते.

आपल्याकडं बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे सरकारचे प्रदूषणाचे नियम) च्या डिझेलमधी ३५० पीपीएम (दहा लाख भागात ३५० भाग) गंधक चाले, एप्रिल २०१७ पासून देशभर ५०, अन् एप्रिल २०२० पासून बीएस-६ चं १०. शेवटचं थोडंसं काढणंच अवघड, कारण काही रेणूत गंधकाच्या दोन्ही बाजूले मिथाइल गट आडवे असतात, कॅटॅलिस्टले ते सहजी भेटत नाई. वरूडपासून चामोर्शीपर्यंत ट्रॅक्टरमधी जाते ते पंपावरचं डिझेल हेच.

अन् तो फ्राश? त्यानंच १८९४ ले लुइझियानात गरम पाणी सोडून जमिनीतलं गंधक वितळवून वर काढलं, मोठा धंदा झाला. अमेरिकेतली तसली शेवटची खाण २००० साली बंद पडली. रिफायनरीले तं गंधक काढणं भागच हाये, भाव मिळो न मिळो, मंग खाणवाला किती दिवस टिकन.