ओझं मोजायचा नियम आला कुठून

जळगावात सोन्याचा हिशोब लहान पोरालाही कळतो म्हणून तिथूनच सुरू करतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता सराफाकडे सरळ १० ग्रॅम धरतात. आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन खेळायचा जो खेळ, त्याच्या १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात, खेळाडूंच्या नियमपुस्तकात, लिहिलंय की सोन्याची १० नाणी म्हणजे एक पौंड. म्हणजे एक नाणं साधारण ४५ ग्रॅम, जवळजवळ चार तोळे! आमच्या ग्रुपमध्ये हे सांगितलं तर एक जण लगेच म्हणाला, "भो, इतलं वझं कोन उचली?" आणि खरंच सांगतो, सुरुवातीच्या काळात अख्खा खेळ ह्याच प्रश्नावर उभा होता.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ आणला तो वॉरगेममधून, टेबलावर सैन्य मांडून खेळायच्या खेळातून आला होता, तिथे कोणती तुकडी किती इंच सरकते यावर लढाई ठरायची, त्यामुळे ओझं आणि चाल यांची सांगड आधीपासूनच डोक्यात होती. पण नवीन गोष्ट ही की राक्षसांच्या तळघरातून बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक अनुभव गुण, आणि ह्या गुणांवरच पात्र वरच्या पातळीला जातं. मग वजनाचं मापही नाणंच झालं! तलवार, चिलखत, दोरखंड, सगळं नाण्यांत मोजायचं, म्हणजे आत जाताना काय काय लादलंय त्यावरून येताना किती खजिना सोडून यावा लागेल ते कागदावरच दिसायचं.

ह्याच खेळाच्या १९८१ च्या नियमांत ४०० नाण्यांपर्यंत ओझं असेल तर खेळातल्या १० मिनिटांच्या एका टर्नला १२० फूट, ६०० पर्यंत ९०, ८०० पर्यंत ६० आणि १६०० पर्यंत फक्त ३० फूट. १६०० नाणी म्हणजे ७२ किलो, आपले जवळपास दोन मण. चाल मंदावली की टर्न जास्त लागतात, मशाल सहा टर्नमध्ये विझते आणि भटके राक्षस गाठायची शक्यता वाढते. मला हा नियम फार आवडतो, कारण एक आकडा बदलला की बाकी सगळं आपोआप हलतं.

नंतर हे दुवे सुटत गेले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका पौंडात ५० नाणी झाली, म्हणजे नाणं तोळ्याच्याही खाली आलं, आणि सोन्याबद्दल अनुभव गुण देणं ऐच्छिक झालं. २०१४ च्या आवृत्तीत पात्राच्या ताकदीचा आकडा गुणिले १५ पौंड एवढं ओझं चालतं, म्हणजे ताकद १० असलेला माणूस ६८ किलो घेऊन तेवढ्याच वेगाने चालतो. मग लोक म्हणणारच की वजन लिहिणं कंटाळवाणं आहे, कारण ते ज्यासाठी लिहायचं तेच उरलं नाही.

दुसरी वाट पण जुनीच आहे. १९७८ च्या रूनक्वेस्ट ह्या दुसऱ्या खेळात वजन आणि अवघडपणा मिळून एकच आकडा होता. आपल्याकडे धान्य वजनाने नाही, पायलीने मोजायचे, तसंच इथेही नुसतं वजन नाही, किती जागा व्यापते तेही बघायचं. नेव्ह (२०१८), केर्न, माउसरिटर ह्या नव्या खेळांनी तर सामानाचे सरळ कप्पे केले, केर्नमध्ये दहा, भरले की भरले. ब्लेड्स इन द डार्क ह्या खेळात (२०१७) आधी फक्त ओझं हलकं, मध्यम की जड एवढं ठरवायचं, म्हणजे ३, ५ किंवा ६ एवढं ओझं, आणि वस्तू लागेल तेव्हा सांगायची.

मी आता सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरचा खेळ लिहितोय, नंदुरबारवरून जाणारा बंजाऱ्यांचा तांडा, समोर असीरगड. तिथे खजिना म्हणजे मीठ आणि धान्य, म्हणून माप नाणं नाही, गोणी. एका बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या, एक काढली की दुसरी पण उतरवावी लागते नाहीतर तोल जातो, त्यामुळे खेळाडूंना नेहमी जोडीनेच विचार करावा लागतो. पावसात मिठाच्या गोणीचं काय होईल तो तक्ता अजून लिहायचाय.