सोन्याचा कलश: पुढचा दलाई लामा ठरवायचा कुणी?

पुढच्या दलाई लामांचा विषय निघाला की बीजिंग एक वस्तू पुढे करतं: सोन्याचा कलश. १७९१ मध्ये नेपाळच्या गुरख्यांनी तिबेटमधल्या शिगात्सेचा ताशिल्हुन्पो मठ लुटला. चिंग सम्राट च्येनलोंगच्या फौजेने त्यांना हुसकावलं आणि १७९३ मध्ये २९ कलमी फर्मान आलं. पहिलंच कलम कलशाचं. लामांचे अवतार, म्हणजे पुनर्जन्म मानलेली मुलं, ठरावीक बड्या घराण्यांतच कसे सापडतात, हा सम्राटाचा सवाल होता, आणि तो काही अगदीच गैरलागू नव्हता.

रीत अशी: अवतार असू शकतील अशा मुलांची नावं हस्तिदंती पट्ट्यांवर मांचू, चिनी आणि तिबेटीत लिहायची, पट्ट्या गुंडाळून कलशात टाकायच्या, सात दिवस प्रार्थना करायची आणि ल्हासाच्या जोखांग मंदिरात अंबानच्या, म्हणजे सम्राटाच्या प्रतिनिधीच्या, देखत एक पट्टी काढायची. अकरावे आणि बारावे दलाई लामा असेच निवडले गेले. नववे, तेरावे आणि चौदावे मात्र कलशाविना. चीन म्हणतो, चौदाव्यांना १९४० मध्ये आम्ही सूट दिली. तिबेटी म्हणतात, तुमचा प्रतिनिधी सोहळ्याला पाहुणा म्हणून आला होता.

कलश पुन्हा निघाला तो १९९५ मध्ये. दलाई लामांच्या खालोखाल मान असलेले दहावे पंचेन लामा १९८९ मध्ये वारले होते. दलाई आणि पंचेन एकमेकांचे अवतार ओळखतात, म्हणून हे पद मोलाचं. ताशिल्हुन्पोचे प्रमुख चाद्रेल रिनपोछे बीजिंगने नेमलेल्या शोधसमितीवर होते, पण दलाई लामा राहतात त्या भारतातल्या धरमशालेशीही गुपचूप संपर्क ठेवून होते. १४ मे रोजी दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेधुन छोक्यी न्यिमाचं नाव अकरावा पंचेन लामा म्हणून जाहीर केलं. तीनच दिवसांत चीनने मुलाला कुटुंबासह उचललं. त्यानंतर तो जाहीरपणे कुणाला दिसलेला नाही. चाद्रेल रिनपोछेंना १९९७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

२९ नोव्हेंबर १९९५ ला जोखांगमध्ये कलशातून ग्याल्त्सेन नोर्बू या दुसऱ्याच मुलाची पट्टी निघाली. तिथे हजर असलेले, १९९८ मध्ये देश सोडलेले लामा आर्ज्या रिनपोछे सांगतात की ती पट्टी जरा उंच राहावी म्हणून तिच्या रेशमी पिशवीत कापूस भरला होता.

चीनच्या सरकारी धर्मखात्याचा २००७ चा आदेश क्रमांक ५ तर सरळ आहे: अवतारासाठी अर्ज करा, सरकारी मंजुरी घ्या. बाहेरच्या व्यक्तीला वा संस्थेला दखल देता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी उलट जाहीर केलं की पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग ट्रस्टचा. ते ट्रस्ट चीनबाहेरचं, म्हणजे आदेशाच्या भाषेत नेमकं तेच ‘बाहेरचं’.