फ्यूजला न दिसणारा एक ओहम

कुणाच्या दुकानाला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेलं वाक्य येतं, 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.' खरोखर शॉर्टसर्किट झालं तर करंट नेहमीच्या कितीतरी पट चढतो आणि एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा, फ्यूजच्या जागी बसवलेला स्विच) पापणी लवायच्या आत पडतो. मग एमसीबी धडधाकट असताना स्विच वितळतो कसा, प्लगची पिन काळी पडते कशी? इथे संशयित दुसराच असतो आणि दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाऱ्या वाऱ्यावर तो चांगला पोसला जातो. तो म्हणजे वायर, स्क्रू किंवा पिन जिथे जोडली जाते तिथला सैल, कळकलेला सांधा.

त्याला पकडायला शाळेतली दोन सूत्रं पुरतात. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर मिळते, वॅटमध्ये. दोन्ही एकत्र केली की तिसरं निघतं, करंटचा वर्ग गुणिले रोध. आपल्याला हवंय ते हे तिसरं.

गीझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलेलं असतं. २००० भागिले २३० म्हणजे करंट ८.७ अँपिअर, आणि २३० भागिले ८.७ म्हणजे कॉइलचा रोध सुमारे २६.५ ओहम. (बंद गीझरवर मल्टिमीटर लावला तरी जवळपास हाच आकडा येतो. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नाही. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना हिशेबाने ५२९ ओहम निघतात, पण थंड बल्ब मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. टंगस्टन तापलं की त्याचा रोध वाढतो. म्हणून चालू उपकरणाचा रोध व्होल्टेज आणि करंटवरूनच काढावा.)

आता गीझरच्या प्लगमध्ये एक ओहमचा खराब सांधा आहे असं धरा. एकूण रोध झाला २७.५. करंट ८.७ वरून ८.४ वर आला, म्हणजे वाढला नाही, कमी झाला! एमसीबीला कळणार काय? गळती नसल्यामुळे आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की पडणारा स्विच, तोही गप्प. पाणी तापायला एखादा मिनिट जास्त लागेल, ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण त्या सांध्यात ८.४ चा वर्ग गुणिले एक, म्हणजे ७० वॅट उष्णता तयार होतेय. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि तिने कथील वितळतं. इथे तशा जवळजवळ तीन, एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत.

आणि ते तिथे थांबत नाही. सांधा तापला की धातूवर ऑक्साइड चढतं, प्लास्टिक मऊ होऊन पकड ढिली पडते, रोध वाढतो. तीन ओहम झाले की करंट ७.८ वर उतरतो आणि सांध्यातली उष्णता १८३ वॅटवर जाते. पुढचा हिशेब ज्यांना करायचा त्यांनी करावा. सांध्याचा रोध कॉइलच्या रोधाइतका होईपर्यंत ही उष्णता वाढतच जाते. तिथे दोघांत ५००-५०० वॅट वाटले जातात आणि त्यानंतर ती उतरू लागते. तिथवर पोचायला प्लग शिल्लक राहत नाही, ती गोष्ट वेगळी.

सांध्याला रोध येतो कुठून? दोन धातू एकमेकांवर कितीही आवळले तरी प्रत्यक्षात ते थोड्याच सूक्ष्म टोकांवर टेकतात. सगळा करंट त्या टोकांतून जातो. समुद्रावरून येणारे मिठाचे कण आणि पावसाळ्यातला ओलावा नेमका तिथेच शिरतो. त्यात खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची आणि पुढचं वायरिंग तांब्याचं असेल तर खारट ओलीत त्या जोडाची चक्क बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं.

गणपतीत चाकरमानी आले की दरवर्षी तोच प्लग जळतो, तेव्हा काही घरांत राखणदाराचं, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचं, काही चुकलं का याची चर्चा होते. वर्षभर ज्या प्लगमधून दोन अँपिअर जात होते त्यातून त्या दिवसांत दहा जातात. करंट पाचपट, सांध्यातली उष्णता पंचवीसपट. गाऱ्हाणं जरूर घाला, पण आधी मेन पाडून स्क्रू बघा. बाजारातली 'वीज वाचवणारी' डबी लावूनही यात फरक पडत नाही. तिच्यात बहुधा कपॅसिटर असतो, तो उपकरणांनी खाल्लेले वॅट कमी करत नाही, आणि घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजतो, त्यामुळे बिलही उतरत नाही.

सांधा शोधण्यात खरी गंमत आहे. गीझर बंद असताना प्लगवर मीटर २२८ व्होल्ट दाखवतो, सगळं आलबेल. करंटच वाहत नसेल तर सांध्यावर व्होल्टेज पडणार कसं? ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो त्या जॉर्ज ओहमलाही करंट वाहू लागला की बदलणाऱ्या व्होल्टेजच्या याच भानगडीने छळलं होतं. त्याच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज करंट घेतला की बसायचं. शेवटी त्याने तांबं आणि बिस्मथ जोडून एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवलं, स्थिर व्होल्टेज मिळवलं आणि १८२७ मध्ये आपला नियम पुस्तकात मांडला.

म्हणून वायरमनला गीझर चालू ठेवून मोजायला सांगा (हे काम त्याचंच, आपण हात घालायचा नाही). समजा मेन स्विचवर २२६ व्होल्ट आहेत, प्लगवर २१२ आणि क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) ८ अँपिअर. वाटेत १४ व्होल्ट गेले, म्हणजे १.७५ ओहम. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचे जाऊन-येऊन ४० मीटर धरले तर त्यांचा रोध ०.३ ओहम. उरलेले १.४५ ओहम वायरचे नाहीत, सांध्यांचे आहेत आणि तिथे ९३ वॅट जळताहेत. काळी पडलेली वायर मागे कापून, नवं तांबं सोलून, टर्मिनल बदलून त्याने पुन्हा मोजावं. गीझर चालू असताना प्लगवर २२३ च्या आसपास दिसले, तर जोड ठीक बसला.