कॅल्शियम रिॲक्टरमधील पीएचची अस्थिरता

प्रवाळ-मत्स्यालयाला कॅल्शियम पुरवणाऱ्या रिॲक्टरच्या नळकांड्यात पीएच मूल्य ठरवलेल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ६.५ ते ६.८ यांच्या दरम्यान, न टिकता वरखाली होत राहणे. दगडी प्रवाळ आपला सांगाडा ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा, बांधतात आणि त्यासाठी पाण्यातले कॅल्शियम व कार्बोनेट सतत उचलत असतात. समुद्राला त्याचे काही वाटत नाही. चारशे लिटरच्या टाकीला वाटते. ही तूट भरून काढण्यासाठी बंद नळकांड्यात ॲरागोनाइटची खडी भरून त्यातून टाकीचे पाणी पंपाने फिरवत ठेवतात आणि त्यात थोडा थोडा कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. पाणी आम्लधर्मी होऊन खडी विरघळते व ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत परतते.

शाळेतल्या चुन्याच्या निवळीच्या प्रयोगाचाच हा उत्तरार्ध आहे. निवळीत कार्बन डाय-ऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते, इथवर सर्वांना आठवते. वायू तसाच सोडत राहिले तर कॅल्शियम कार्बोनेटचे बायकार्बोनेट होऊन ती पुन्हा निवळते. रिॲक्टर या दुसऱ्या टप्प्यावर चालतो. या अभिक्रियेत २० पीपीएम कॅल्शियममागे अल्कता (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) सुमारे २.८ डीकेएचने (हे तिचे एकक) वाढते, म्हणजे प्रवाळ ज्या प्रमाणात दोन्ही उचलतात त्याच प्रमाणात.

नळकांड्यातला पीएच आत येणारा वायू, आत येणारे ताजे पाणी आणि विरघळणारी खडी यांच्या मेळावर ठरतो. टाकीचे पाणी ८ च्या आसपास असते, वायू ते खाली ओढतो आणि खडी पुन्हा वर रेटते. त्यामुळे आकडा हलू लागला की बहुतेक जण आधी वायूचा व्हॉल्व्ह पिळतात, आणि बहुतेक वेळा तिथेच चुकतात. आधी संशय घ्यावा तो मोजणाऱ्या प्रोबचा.

प्रोबवर पातळ थर बसतो, वायूचा बुडबुडा अडकतो, शिवाय वर्ष-दोन वर्षांत तो थकतोच. तपासणी सोपी आहे : ७ च्या बफर द्रावणात (ठरलेला पीएच असलेल्या द्रावणात) बुडवून आकडा पाहणे. रिॲक्टरचा प्रोब ७ आणि ४ च्या बफरवर जुळवतात. टाकीच्या प्रोबसाठीची ७ आणि १० ची जोडी इथे गैरलागू, कारण इथले काम ७ च्या खाली चालते. पंप किंवा दिवे सुरू होताच आकडा उडी मारत असेल तर दोष विजेच्या गळतीचा. नळकांड्यातले पाणी पेल्यात घेऊन मोजायचे तर लगेच मोजावे. उघड्यावर वायू निघून जातो आणि पीएच आपोआप चढतो.

याच कारणामुळे बाहेर पडण्याची नळी तुंबते. तोंडाशी वायू सुटला की विरघळलेले कार्बोनेट तिथेच साका धरते, चुनखडीच्या गुहांत लवणस्तंभ घडतात तसे. थेंब मंदावले की ताजे पाणी कमी येते आणि वायूचे बुडबुडे तेवढेच असूनही पीएच घसरतो. आठवडाभर सावकाश घसरण दिसली तर कारण बहुधा हेच. तोटीने थेंब जुळवण्याऐवजी पेरिस्टाल्टिक पंप (रबरी नळी दाबत ठरावीक पाणी पुढे ढकलणारा) लावला की ही कटकट पुष्कळ कमी होते. या दुरुस्तीइतका पैसा वसूल करणारी दुसरी दुरुस्ती नाही.

करवतीच्या दात्यांसारखा आलेख वेगळे सांगतो. पीएचवर नजर ठेवणारा कंट्रोलर सोलेनॉइड (वायूची विजेवर चालणारी झडप) उघडतो, वायू धो धो येतो, पीएच ठरल्या आकड्याला पोहोचताच झडप मिटते; पण वर साठलेला वायू विरघळतच राहतो आणि आकडा आणखी खाली जातो. उपाय म्हणजे नीडल व्हॉल्व्ह (वायूचा प्रवाह बारीक जुळवणारी झडप) आवळून बुडबुडे इतके कमी करणे की सोलेनॉइड बहुतेक वेळ उघडाच राहील आणि कंट्रोलर फक्त राखणदार उरेल. डोक्याशी साठलेला वायू पंपात शिरला तर पाणी फिरणेच थांबते. सोलेनॉइड नसलेल्या जोडणीत वीज गेली की पंप बंद आणि वायू चालू, अशी उलटी गत होते.

सिलिंडर संपत आला की एक-टप्पी रेग्युलेटरचा (सिलिंडरचा दाब एकाच टप्प्यात उतरवणाऱ्या उपकरणाचा) बाहेरचा दाब चढतो आणि वायूचा लोंढा येऊ शकतो. दाबमापकावर विसंबून चालत नाही : द्रवरूप वायू उरला आहे तोवर २० अंश सेल्सिअसला दाब सुमारे ५७ बार असाच दिसतो. मुंबईच्या उन्हाळ्यात खोली ३१ अंशांपुढे गेली की आत वेगळा द्रवच राहत नाही, म्हणून सिलिंडरचे वजन करावे हे बरे.

पीएच ६.२ च्या आसपास रेंगाळला तर खडीचा लगदा होतो, वाटा बुजतात आणि पाणी एकाच फटीतून वाहते. संगमरवराचे तुकडे कॅल्साइटचे असल्याने ॲरागोनाइटपेक्षा कमी विरघळतात. ते भरून आकडा जुळवत बसण्यात अर्थ नाही. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही खडी म्हणून उचलू नये.

टाकीचा स्वतःचा पीएच रात्री उतरतो व दिवसा चढतो. तो वेगळा विषय. रिॲक्टरमधून येणारा जादा वायू मात्र त्याला आणखी खाली ओढतो. त्यासाठी बाहेर पडणारे पाणी खडीच्या दुसऱ्या नळकांड्यातून नेतात, किंवा रात्री चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडतात.