कॅमेऱ्यापुढची काच आणि उन्हातली सावली

बातम्या देणारी व्यक्ती थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलते. हातात कागद नाही, कुठे अडखळणं नाही. हे ज्याच्यामुळे जमतं ती वस्तू म्हणजे एक काच, कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ४५ अंशांत तिरकी बसवलेली. तिच्याखाली आडवा पडदा असतो आणि त्यावर मजकूर उलटा, आरशात दिसावा तसा, सरकत असतो. काच त्याचं प्रतिबिंब वाचणाऱ्याकडे पाठवते आणि तिथे अक्षरं सुलटी होतात. वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरून येणारा बराचसा प्रकाश मात्र त्याच काचेतून आरपार जाऊन मागच्या भिंगात शिरतो. भिंगाभोवती काळ्या आवरणाचा अंधार असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला भिंग जाणवत नाही, फक्त अक्षरं दिसतात. रात्रीच्या एसटीत खिडकीच्या काचेवर आपला चेहरा दिसतो आणि त्याच काचेतून बाहेरचे दिवेही दिसतात, तसंच हे. एका ओळीत मोजकेच शब्द ठेवतात. ओळ लांबली की बुबुळं डावी-उजवीकडे फिरू लागतात आणि घरी बसलेल्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं.

हा टेलिप्रॉम्प्टर १९५०च्या सुमारास अमेरिकेत आला, तेव्हा त्यात कागदाची गुंडाळी फिरायची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. प्रदीप भिडे यांच्या बातम्या ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला टेबलावरचे कागद आणि खाली जाऊन पुन्हा वर येणारी नजर आठवत असेल. त्या कागदांबद्दल मला फार आपुलकी वाटते. समोरचा माणूस सांगतोय ते कुणीतरी आधी लिहिलंय, तपासलंय आणि हा ते वाचून दाखवतोय, हे त्या कागदांमुळे उघड दिसायचं. काचेने ते झाकलं. आता तीच वाक्यं बोलणाऱ्याच्या मनातून आल्यासारखी वाटतात.

स्टुडिओतली बहुतेक रचना याच हेतूने होते: प्रेक्षकाच्या डोळ्याला कुठे ठेच लागू नये. मागच्या एलईडी भिंतीचंच बघा. ती भिंत म्हणजे ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे दुसरी जाळी. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की नसलेल्या लाटा दिसू लागतात, तशाच लाटा इथेही उमटतात. म्हणून निवेदकाला भिंतीपासून पुढे बसवतात, भिंत किंचित धूसर ठेवतात. बारीक रेघांचा शर्ट किंवा बारीक चौकड्यांची साडीही त्याच कारणाने टाळतात.

या गुळगुळीतपणाचा आपल्या मेंदूवर जो परिणाम होतो, त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. रॉल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्त्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ‘ओसोर्नो हे शहर चिलीत आहे’ अशा धर्तीची विधानं लोकांना पडद्यावर दाखवली आणि खरं की खोटं ते विचारलं. काही विधानं पार्श्वभूमीवर ठळक उठून दिसणाऱ्या रंगात होती, काही फिकट. ठळक विधानांना ‘खरं’ म्हणण्याकडे कल जास्त होता. फरक लहान होता, पण तो केवळ रंगामुळे पडला होता. वाचायला सोपं गेलं की मेंदूला ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं ते खरं असा त्याचा हिशेब असतो. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की ती खरी वाटू लागते, हे तर १९७७पासून प्रयोगांतून दिसत आलं आहे. लाल पट्टीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत दिवसभर फिरणाऱ्या एका ओळीत हे दोन्ही परिणाम एकत्र येतात.

छायाचित्राचा परिणाम याहून चमत्कारिक आहे. एरिन न्यूमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये काही प्रसिद्ध व्यक्तींची नावं लोकांपुढे ठेवली. काहींना विधान दिलं, ‘ही व्यक्ती हयात आहे’. काहींना दिलं, ‘ही व्यक्ती हयात नाही’. काही नावांशेजारी त्या व्यक्तीचा फोटो होता. फोटोवरून जिवंत की मृत हे कळणं शक्यच नव्हतं. तरी फोटो असला की लोक विधान खरं मानण्याकडे झुकले, आणि हे दोन्ही बाजूंनी झालं. ‘हयात आहे’ला फोटोने बळ दिलं, ‘हयात नाही’लाही दिलं. निवेदकाच्या खांद्यामागे चौकटीत जो फोटो झळकतो, तो पुरावा असतोच असं नाही, पण पुराव्याचं काम करून जातो.

आवाजाचंही तेच. न्यूमन आणि श्वार्त्स यांनी २०१८मध्ये दाखवलं की एकाच शास्त्रज्ञाचं तेच बोलणं खराब ध्वनीत ऐकवलं तर लोकांना तो माणूस कमी हुशार आणि त्याचं संशोधन कमी महत्त्वाचं वाटतं. मला हे वाचून वाईट वाटलं. पुरात अडकलेल्या गावातून खरखरत्या फोनवर बोलणारी बाई आणि वातानुकूलित स्टुडिओतला प्रवक्ता यांच्यात सामना सुरू होण्याआधीच तिचं पारडं हलकं झालेलं असतं.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत पडद्यावर नवा शिक्का आला आहे: ‘फॅक्ट चेक’, ‘व्हायरल सच’, ‘पडताळणी’. तिरका ठप्पा, लाल फुली, हिरवी खूण. शिक्का हीसुद्धा डोळ्याला सोपी जाणारी गोष्ट, म्हणून तो चटकन पटतो. पण त्याला एक उलटा पदर आहे. गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये तो उलगडून दाखवला. समाजमाध्यमांवरच्या काही खोट्या मथळ्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी लावली, की चिठ्ठी नसलेले खोटे मथळे लोकांना आधीपेक्षा जास्त खरे वाटू लागतात. चिठ्ठी नाही म्हणजे कुणीतरी तपासलं असेल, असा समज होतो. खऱ्या मथळ्यांवरही ‘तपासलेलं’ अशी खूण केली तेव्हा हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे रात्रीच्या बातम्यांत पाच मिनिटं पडताळणीचा कार्यक्रम लावला, तर उरलेल्या पंचावन्न मिनिटांना फुकटचं प्रमाणपत्र मिळण्याचा धोका आहे.

शिक्का कुणाच्या हातात, हा प्रश्न आपल्याकडे न्यायालयातही गेला. केंद्र सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारी फॅक्ट चेक युनिटने ठरवावं, अशी दुरुस्ती २०२३मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झाली होती. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

बीबीसीने मे २०२३मध्ये ‘बीबीसी व्हेरिफाय’ हा पडताळणीचा विभाग सुरू केला तेव्हा सुमारे ६० पत्रकार त्यात घेतले, आणि लंडनच्या वृत्तकक्षातच त्यांना स्टुडिओसकट स्वतंत्र जागा दिली. नाव, रंग, जागा हे सगळं अर्थातच ब्रँडिंग आहे. पण तिथे उभा राहिलेला पत्रकार निष्कर्षासोबत आपलं कामही पडद्यावर मांडतो: उपग्रहचित्र, नकाशा, व्हिडिओतली गोठवलेली चौकट. दूरदर्शनच्या टेबलावरचा कागद वेगळ्या रूपात परत आला, असं मला वाटतं.

असं काम कसं चालतं, त्याचा एक नमुना त्याआधीचा, २०१८चा आहे. कॅमेरूनमधला एक व्हिडिओ जुलैमध्ये पसरला. सैनिक दोन बायकांना आणि दोन लहान मुलांना चालवत नेतात आणि गोळ्या घालतात. सरकारने सुरुवातीला तो खोटा ठरवला. बीबीसीच्या आफ्रिका विभागातल्या चमूने स्वतंत्र अभ्यासकांच्या मदतीने व्हिडिओतली डोंगराची कड घेतली आणि ती उपग्रहचित्रांवरून उभ्या केलेल्या भूरूपांशी जुळवत गेले. कड जुळली ती उत्तरेकडच्या झेलेवेट गावाजवळ. मग काळ. व्हिडिओतली काही बांधकामं कोणत्या तारखेच्या उपग्रहचित्रात आहेत आणि कोणत्या नाहीत, यावरून वर्षांचा पट्टा ठरला. एक पायवाट फक्त कोरड्या महिन्यांत दिसत होती, त्यावरून ऋतू. शेवटी सैनिकांच्या सावल्या. सावलीची लांबी आणि दिशा यांवरून सूर्याचा कोन काढला आणि उत्तर आलं: २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. पुढे २०२०मध्ये चार सैनिकांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा झाली.

सावलीचं हे गणित मराठी घरांना परकं नाही. शून्य सावलीच्या दिवशी शाळांच्या पटांगणावर मुलं काठी रोवून उभी असतात, तेच हे गणित. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली पायाखाली नाहीशी होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. मग १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली साधारण १५५ सेंटिमीटर पडते, तीही उत्तरेला. ‘मुंबईत ख्रिसमसच्या दुपारी दगडफेक’ असं लिहिलेल्या व्हिडिओत माणसांच्या सावल्या बुटांना चिकटलेल्या दिसल्या, तर तो त्या दिवशीचा नाही. लहान मुलालाही हे समजावता येतं. एक काठी, एक कोन आणि व्हिडिओतली गोठवलेली चौकट, एवढं दोन मिनिटांत दाखवून होतं. त्यासाठी लागणारी एलईडी भिंत आपल्या मराठी वृत्तवाहिन्यांकडे आज उभी आहे.